रुग्णाची अमानत आणि तक्रार करणाऱ्याची जबाबदारी



रमजानमधील एका संध्याकाळची हकिकत आधी सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण तीत दोषी असलेल्यांपैकी मीही एक आहे.

आमच्या मोहल्ल्यातील एका तरुणाने इफ्तारसाठी गाडीवरून भजी आणली. ज्या कागदात ती बांधली होती, तो एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा अहवाल होता. त्यावर एका स्त्रीचे संपूर्ण नाव, वय, पत्ता आणि तपासणीचा निष्कर्ष छापलेला होता. कोणती तपासणी, ते मी येथे लिहिणार नाही. का लिहिणार नाही, हाच या लेखाचा विषय आहे. रुग्णालयाने जुने केसपेपर आणि अहवाल जसेच्या तसे रद्दीवाल्याला विकले होते, आणि रद्दी भज्यांच्या गाडीवर पोहोचली होती. तरुणाला राग आला, आणि तो योग्यच होता. त्याने कागदाचे छायाचित्र काढले, 'पाहा या दवाखान्याची बेपर्वाई' असे वर लिहिले आणि मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. मी ते पाहिले. मलाही राग आला. मी ते आमच्या कुटुंबीयांच्या मोठ्या ग्रुपवर पुढे पाठवले आणि खाली चार कडक ओळी लिहिल्या. तरावीह संपवून लोक घरी परतले, तोपर्यंत ते छायाचित्र त्या स्त्रीच्या सासरी पोहोचले होते.

रद्दीच्या गठ्ठ्यात तो कागद होता तेव्हा तो कोणी वाचला असता की नाही, अल्लाहच जाणे. तेलाने भिजून तो कचऱ्यात गेला असता, हीच शक्यता अधिक. रुग्णालयाने अमानतीत खयानत केली, यात शंका नाही. परंतु त्या स्त्रीचे गुपित ज्या लोकांपासून लपवणे तिला सर्वांत महत्त्वाचे वाटत होते, नेमक्या त्या लोकांच्या हातात ते आम्ही दिले, आणि तेही तिच्या हक्काचे रक्षण करतो आहोत या समजुतीने.

येथे प्रश्न उभा राहतो. रुग्णाची माहिती सांभाळण्यात रुग्णालयाने कसूर केली, तर त्याविरुद्ध बोलणे आपले कर्तव्य आहे काय? असेल, तर बोलताना ज्याची माहिती उघड झाली त्याच्या पडद्याचे काय करावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार वेळ घेत नाही. साक्ष लपवणाऱ्याचे अंतःकरण पापी असते, असे पवित्र कुरआन सूरह बकराच्या २८३व्या आयतीत सांगतो. सूरह निसाच्या ५८व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सोपवण्याचा आदेश आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी अत्याचारी बंधूलाही मदत करण्यास सांगितले आणि अत्याचारापासून त्याचा हात रोखणे हीच ती मदत, असा खुलासा केला. तेव्हा रुग्णालयाची चूक पाहून गप्प बसणे हा दीनदारीचा मार्ग नव्हे. 'आपल्याला काय करायचे' हे वाक्य आपल्या समाजात फार सहज उच्चारले जाते. त्याला धर्माचा आधार नाही.

काही सज्जन येथे सत्रची, म्हणजे दोष झाकण्याची हदीस पुढे करतात. जो मुसलमानाचा दोष झाकतो, त्याचा दोष अल्लाह न्यायाच्या दिवशी झाकील, हे खरेच आहे. पण ती शिकवण कोणासाठी आहे? जो माणूस घसरला, लाजला, ज्याच्या चुकीने इतर कोणाचा हक्क बुडत नाही, त्याच्यासाठी. शेकडो लोकांच्या अमानती बाळगणारी आणि त्या रद्दीत विकणारी संस्था या सवलतीची हक्कदार कशी होईल? तिचा दोष झाकला, तर उद्या आणखी कोणाचे तरी नाव भज्यांच्या कागदावर येईल. पडदा रुग्णाचा आहे, रुग्णालयाचा नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत होते तेव्हा रुग्णालय रुग्णाच्या पडद्याआड स्वतः लपते. पुढे आम्ही चौघे त्या रुग्णालयात गेलो तेव्हा व्यवस्थापकांनी आम्हांला हेच ऐकवले: 'रुग्णांच्या गोपनीयतेमुळे याविषयी आम्ही काही बोलू शकत नाही.' ज्यांनी गोपनीयता किलोने विकली, त्यांच्या तोंडी हे वाक्य ऐकून हसावे की रडावे, कळेना.

दुसरा प्रश्न मात्र खोल आहे, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे.

सूरह तहरीमची तिसरी आयत आपण पुष्कळदा वाचतो. प्रेषित (सल्ल.) यांनी आपल्या एका पत्नीला एक गोष्ट गुप्तपणे सांगितली. त्यांनी ती दुसरीला सांगितली. अल्लाहने हे प्रेषितांना कळवले. तेव्हा प्रेषितांनी त्या पत्नीला त्यातील काही भाग जाणवून दिला आणि काही भागाकडे दुर्लक्ष केले. अनेक रात्री मी या आयतीचा विचार केला. गुपित फुटल्याची घटना अल्लाहने कयामतपर्यंत वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात नोंदवली. चूक चूक म्हणून सांगितली, तौबेचा मार्ग दाखवला. परंतु गुपित काय होते, ते आयतीत नाही. ते कोणी कोणाला सांगितले, ती नावेही आयतीत नाहीत. हदीस आणि तफसीरच्या ग्रंथांत तपशील येतात, आणि गुपिताविषयी एकाहून अधिक रिवायती आहेत. पण कुरआनच्या शब्दांत फक्त एवढेच आहे की विश्वास मोडला गेला. आणि ज्यांचा विश्वास मोडला, त्या स्वतः प्रेषितांनीही जाब विचारताना सगळे शब्द पुन्हा उच्चारले नाहीत. चूक दाखवण्यासाठी जेवढे लागत होते, तेवढेच बोलले.

अमानत मोडल्याची तक्रार अमानत पुन्हा न मोडता करता येते, याचा याहून स्पष्ट नमुना मला सापडला नाही. आम्ही त्या रात्री नेमके उलटे केले. रुग्णालयाचे नाव छायाचित्रात अर्धवट दिसत होते आणि त्या स्त्रीचे पूर्ण.

आता सूरह निसाची १४८वी आयत घ्या. वाईट गोष्ट उघडपणे बोललेली अल्लाहला आवडत नाही. अपवाद फक्त ज्याच्यावर जुलूम झाला त्याचा. ही सवलत मजलूमला आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, सहानुभूती असणाऱ्यांना, समाजसेवकांना आपोआप मिळालेली नाही. अबू दाऊद यांच्या संग्रहात एक प्रसंग येतो. एका माणसाने प्रेषितांकडे शेजाऱ्याच्या त्रासाची तक्रार केली. प्रेषित म्हणाले, जा, धीर धर. तो दोन-तीनदा परत आला. मग त्यांनी सांगितले की घरातील सामान काढून रस्त्यावर ठेव. येणारे-जाणारे विचारू लागले, त्याने कारण सांगितले, लोक शेजाऱ्याला दूषणे देऊ लागले. अखेर शेजारीच आला आणि म्हणाला, घरी चल, आता माझ्याकडून काही त्रास होणार नाही.

चव्हाट्यावर आणणे कधीकधी योग्य असते, हे या प्रसंगावरून सिद्ध होते. त्याचबरोबर दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. पहिली, रस्ता हा शेवटचा उपाय होता; आधी धीर, मग पुन्हा दाद, मग रस्ता. दुसरी अधिक महत्त्वाची आहे: त्या माणसाने स्वतःचे सामान रस्त्यावर ठेवले. तिसऱ्या कोणाचे नाही. ती स्त्री स्वतःहून आपला अहवाल घेऊन वर्तमानपत्राकडे गेली असती, तर तो तिचा अधिकार होता. तिचे सामान आम्ही तिला न विचारता रस्त्यावर मांडले.

इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये गीबत कोणत्या सहा प्रसंगी वैध ठरते ते सांगितले आहे; त्याआधी इमाम गझाली यांनीही हा विचार मांडला होता. त्यात जुलमाची दाद मागणे, वाईट थांबवण्यासाठी समर्थ व्यक्तीची मदत घेणे आणि लोकांना धोक्यापासून सावध करणे येते. हजरत हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांनी पतीच्या कंजूषपणाविषयी प्रेषितांना सांगितले, ते याच मार्गाने. परंतु त्या कोणाशी बोलल्या ते पाहा: जे निवाडा करू शकत होते, त्यांच्याशी. सूरह निसाच्या ८३व्या आयतीतही हीच कानउघाडणी आहे. शांततेची किंवा भीतीची बातमी हाती येताच काही लोक ती पसरवून देत. ती प्रेषितांपर्यंत आणि जबाबदार लोकांपर्यंत नेली असती, तर जे तिचा अर्थ लावू शकतात त्यांना ती कळली असती. ग्रुपवरील दोनशे लोकांपैकी रुग्णालयाची रद्दी थांबवण्याचा अधिकार किती जणांकडे होता? एकाकडेही नाही. मग आम्ही 'दाद मागत' होतो, असे म्हणण्यात अर्थ नाही. आम्ही राग मोकळा करत होतो.

फिकहचा एक सर्वमान्य नियम आहे: निकडीमुळे जे वैध होते, ते निकडीच्या मापापुरतेच वैध राहते. डॉक्टरसमोर शरीराचा जेवढा भाग उघडणे उपचाराला आवश्यक, तेवढाच उघडायचा, हे आपण सारे जाणतो. तक्रारीलाही हेच माप लागू आहे. अधिकाऱ्याला मूळ कागद दाखवावा लागेल, तर त्याला दाखवावा. त्याच्या शिपायाला नाही, बातमीदाराला नाही.

आपल्या पूर्वजांना हा विषय नवा नव्हता. अकराव्या शतकातील कैरोचे वैद्य अली इब्न रिदवान यांनी वैद्याचे सात गुण सांगितले, त्यांत रुग्णांची गुपिते राखणे हा एक आहे. बाराव्या शतकातील शैजरी यांच्या हिस्बाविषयक ग्रंथात मुहतसिबने, म्हणजे बाजार व व्यवसायांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने, वैद्यांकडून हिपोक्रेटिसची शपथ घ्यावी असे म्हटले आहे. त्या शपथेत रुग्णांची गुपिते न फोडणे आणि घरातील स्त्रियांवरून नजर वळवणे येते. यवन वैद्याची शपथ मुस्लिम बाजारात, मुस्लिम अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घेतली जात होती, हे मला नेहमीच सुंदर वाटत आले आहे. मुद्दा हा की दाद मागण्यासाठी एक ठिकाण नेमलेले होते.

आजही ठिकाणे आहेत. आपण त्यांच्याकडे जात नाही, एवढेच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. वैद्यक व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात आजाराविषयीच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. सर्वांत विचारपूर्वक तरतुदी मला एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियमात आढळल्या. तोही २०१७ चाच. त्यात संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करण्यास मनाई आहे, नोंदी सुरक्षित ठेवण्याचे संस्थांवर बंधन आहे, तक्रारीसाठी राज्यात लोकपाल आहे. शिवाय खटला चालवताना खऱ्या नावाऐवजी टोपणनाव वापरण्याची, बंद दालनात सुनावणी घेण्याची आणि ओळख प्रसिद्ध होऊ न देण्याची सोय आहे. न्याय मागायला आलेल्याचे नाव न्यायालयातच झाकायचे! 'नाव न सांगता तक्रार केली तर कोण ऐकणार?' असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे व्हावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने आधी माहिती बाळगणाऱ्या संस्थेकडे गाऱ्हाणे आणि मग मंडळाकडे, असा क्रम घालून दिला आहे. तो संगणकीय माहितीविषयी आहे, भज्यांच्या कागदाविषयी नव्हे. पण त्याचा क्रम शेजाऱ्याच्या त्या हदीसच्या क्रमाशी किती जुळतो, ते पाहण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल की सगळे काही बंद दालनात चालले, तर संस्था प्रकरणे दाबून टाकतील. ही शंका खोटी नाही. सिंगापूरमध्ये २८ जानेवारी २०१९ रोजी तेथील आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की एचआयव्हीच्या नोंदवहीतील १४,२०० व्यक्तींची माहिती बाहेर पडून इंटरनेटवर आली आहे. ही माहिती चुकीच्या हाती गेल्याचा सुगावा मंत्रालयाला २०१६ मध्येच लागला होता आणि पोलिसांत तक्रारही झाली होती. २०१८ मध्ये पुन्हा काही भाग त्याच व्यक्तीकडे असल्याचे दिसले, तेव्हा संबंधितांना कळवण्यात आले, पण जाहीर वाच्यता झाली नाही. ती का झाली नाही, असा प्रश्न संसदेत विचारला गेला. मंत्र्यांच्या उत्तराचा आशय असा होता की जाहीर घोषणेने रुग्णांना होणारा त्रासही तोलावा लागतो.

मला स्वतःला मंत्रालयाची बाजू पूर्णपणे पटत नाही आणि पूर्णपणे नाकारताही येत नाही. घोषणा झाली की लोक माहिती शोधू लागतात, हे सत्य आहे. पण आपले गुपित फुटले आहे हे जाणण्याचा पहिला हक्क ज्याचे गुपित आहे त्याचा असतो, आणि तो हक्क 'तुम्हांला त्रास होईल' या सबबीवर कोणी काढून घेऊ शकत नाही. म्हणून माझ्या मते पहिली खबर रुग्णाला, दुसरी अधिकाऱ्याला. लोकांना सांगायचेच झाले, तर फुटण्याची वाट सांगावी, फुटलेले गुपित नव्हे. 'अमुक रुग्णालयाचे अहवाल रद्दीत जातात' एवढे म्हटले, तरी लोक सावध होतात.

एक अवघड बाजू अजून उरते. रुग्णालायतील परिचारिका, कारकून किंवा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ यांना आतून गैरप्रकार दिसतो. कागद दाखवल्याशिवाय त्यांचे कोणी ऐकत नाही, आणि दाखवले तर 'तूच गुपित फोडलेस' म्हणून त्यांच्यावरच ठपका येतो. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला उपद्रव होऊ नये असा आदेश आहे. तो व्यवहाराच्या लेखी कराराच्या संदर्भात आला आहे, पण त्याचा हेतू या कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचतो असे मला वाटते. त्यांनी अधिकाऱ्याकडे जावे, शक्य तेथे नावे काळी करून न्यावीत, घरी प्रती ठेवू नयेत. आणि आपल्या घरातील मुलगी अशी परिचारिका असेल, तर 'नोकरी जाईल, गप्प बस' असे तिला सांगण्यापूर्वी आपण थोडे थांबावे.

आणि रुग्ण स्वतःच नको म्हणत असेल तर? तिचे प्रकरण तिचे आहे. तिच्या नावाने लढण्याचा आपल्याला अधिकार नाही. गठ्ठ्यात इतरही शेकडो कागद आहेत, त्यांच्यासाठी तिला मध्ये न आणता बोलता येते. पण तिचा कागद हाच एकमेव पुरावा असला, तर? आमच्यातील एकाचे म्हणणे होते की इतरांच्या हितासाठी तो अधिकाऱ्याला दाखवावाच. मी म्हणालो, तिची परवानगी नसेल तर नाही. आलिमांना विचारले, त्यांच्यातही एकमत झाले नाही.

अहवालावरील नाव मुसलमान नसते, तर? हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, म्हणून मीच विचारतो. हिजरतच्या रात्री मक्केच्या लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी प्रेषितांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले होते. ठेवी त्याच लोकांच्या होत्या ज्यांनी त्यांच्या जिवावर उठण्याचा बेत केला होता. अमानतीला अमानत ठेवणाऱ्याचा धर्म विचारायचा नसतो.

त्या स्त्रीकडे परत येतो. आम्ही दोन्ही ग्रुपवर छायाचित्र काढून टाकण्याची विनंती केली. ज्या गोष्टी एकदा पुढे गेल्या, त्या परत येत नाहीत, तरीही केली. मग माझ्या पत्नीने एका वयस्क नातेवाईक बाईंमार्फत तिला कळवले की कागद आमच्याकडे आहे, तो कसा मिळाला, आणि तक्रार करायची की नाही हे तिनेच ठरवावे. आठ दिवसांनी निरोप आला: करा, पण माझे नाव नको. आम्ही नाव, पत्ता आणि निष्कर्ष काळ्या पट्टीने झाकून नोंदणी देणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दिली, आणि मूळ कागद मोहोरबंद लिफाफ्यात त्यांच्याच हाती सोपवला. पोच मिळाली आहे. चौकशी सुरू आहे, असे दोनदा सांगण्यात आले.

माझी स्वतःची अडचण वेगळी आहे. गीबत केलेल्याने तिच्याकडून माफी मागावी, असे अनेक विद्वानांचे म्हणणे आहे. इतर म्हणतात की माफी मागायला जाऊन दुःख वाढणार असेल, तर जाऊ नये. तिच्यासाठी दुआ करावी आणि जेथे तिची निंदा झाली तेथे तिच्याविषयी चांगले बोलावे. मी तिच्या दारी गेलो, तर तिला आणखी एक चेहरा दिसेल ज्याला ते ठाऊक आहे. म्हणून अजून गेलेलो नाही. ती ज्या गल्लीत राहते, तेथून मशिदीकडे जाणारा रस्ता जवळचा आहे. मी हल्ली दुसऱ्या रस्त्याने जातो.